पेन्सिलीत अंदाज, शाईत अर्थ

लेकरांनो, हे तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे. आधी थोरलीने वाचावं आणि मग धाकट्याला वाचून दाखवावं, कारण इंग्रजी शाळेमुळे तो अजून मराठी जोडाक्षरापाशी अडखळतो. त्याच्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे.

आत्ताच का लिहिते, ते सांगते. गेल्या रविवारी फोनवर थोरली म्हणाली, "आजी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये पाच-सहा देशांतली माणसं असतात. सगळी इंग्रजीच बोलतात, पण निम्मं कळत नाही. एकेक असे शब्द वापरतात की कधी ऐकलेले नसतात. सगळे हसले की मीपण हसते."

मी विचारलं, "मग विचारत का नाहीस?"

"वेडी समजतील ना!"

यावर मी गप्प झाले, आणि तुम्हाला वाटलं फोन कट झाला. फोन चालू होता. मला दोन वर्षांपूर्वीची रावेरची दुपार आठवत होती. ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, आणि तुमच्या काकूनेही कोणाला सांगितलेली नाही. फोनवर सांगायला बसले असते तर मी स्वतःचा भाग गाळला असता. कागदावर तसं करवत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी माझ्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. तुम्ही ते ऐकून हसता, 'आजी, असं आता कोणी बोलत नाही' म्हणता, ते ठीक आहे. पण मी धुळ्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले तेव्हा आमच्या गल्लीत बी.ए. झालेली दुसरी मुलगी नव्हती. पांझरेच्या पुलावरून पायी देवपूरला कॉलेजात जायची. पुढे देवपूरच्याच मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गल्लीत कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मागच्या बोळातल्या एका मुस्लिम सुताराचा मुलगा आखातात नोकरीला लागला, तेव्हा त्याच्या कंपनीचं पहिलं पत्र सुतारचाचांनी मलाच वाचायला दिलं. कोपऱ्यावरचे मारवाडी कापडवाले शेठजी तर दुकानात गिऱ्हाईक असताना हाक मारायचे, "बहेनजी, जरा ये देख लो." मी जायची, वाचायची, अर्थ सांगायची. एकाही कागदाला 'मला येत नाही' म्हणाले नाही. याचा मला अभिमान होता, आणि आहेही. पण या अभिमानाला एक सवय लागली होती. ती पुढे दिसेलच.

शिकवताना मात्र माझा एक नियम होता. प्रत्येक मुलीने शब्दांची वही ठेवायची. नवा शब्द भेटला की तो लिहायचा, कुठे भेटला ते लिहायचं, आणि अर्थाचा अंदाज पेन्सिलीने लिहायचा. शब्दकोशात पाहून किंवा जाणत्याला विचारून खात्री झाली की मगच शाईने अर्थ. पेन्सिलीत अंदाज, शाईत अर्थ. खात्री न करता शाई वापरली तर मी ते पान पुन्हा लिहायला लावायची. माझी स्वतःची अशी वही आजही चालू आहे. सध्याची अकरावी.

निवृत्तीनंतर आम्ही धुळं सोडून जळगावला आलो. तुमची काकू लग्न होऊन तिथे आमच्या घरी आली तेव्हा तिलाही मी अशी वही करून दिली. ती रावेरजवळच्या खेड्यातली, घरची केळीची बाग, शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी म्हटलं की अंग चोरायची. पहिल्या वर्षी तिने वही भरली ती सगळी पेन्सिलीने. मी म्हटलं, "अगं, शाई कुठे आहे?" तर म्हणाली, "आई, अजून कशाचीच खात्री नाही." मला हसू आलं होतं.

याच मुलीने पुढे रावेरच्या रस्त्याला शेड भाड्याने घेऊन केळी परदेशी पाठवायचं काम सुरू केलं. बागेतून घड येतात, बायका त्यांच्या फण्या सुट्या करतात, पाण्यात धुतात, पुसून खोक्यात भरतात. खोकी लाकडी पॅलेटवर एकावर एक रचतात, थंड खोलीत ठेवतात, आणि मग कंटेनर बंदराकडे निघतो. शेडमध्ये तीस-पस्तीस बायका होत्या. निम्म्या अशा की त्याआधी त्यांनी दुसऱ्याच्या शेताशिवाय कुठे काम केलं नव्हतं. आखातातल्या एका व्यापाऱ्याने दोन कंटेनर नमुना म्हणून घेतले होते. तिसरा नीट पोचला तर सबंध हंगामाचं काम मिळणार होतं. नाही पोचला तर शेड बंद करावी लागेल, हे काकूने घरी एकदाच सांगितलं, आणि पुन्हा त्याचा उच्चार केला नाही.

तिसऱ्या कंटेनरची कापणी दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू व्हायची होती. त्याआधी दुपारी व्यापाऱ्यांशी कॉम्प्युटरवर बोलणं ठरलं होतं. काकू म्हणाली, "आई, तुम्ही चला माझ्याबरोबर. तो साहेब भराभर बोलतो. तुम्ही नुसतं ऐका आणि मला सांगा."

मला इतका आनंद झाला की मी इस्त्रीची साडी नेसले. नशिराबाद ओलांडेपर्यंत मी गाडीत 'नमस्कार, आपली भेट झाल्याने आनंद वाटला' याची इंग्रजी वाक्यं मनात घोळवत होते. डब्यात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या. त्या वासाने काकू म्हणाली, "आई, बोलणं झाल्यावर खाऊ. आधी खाल्लं तर मला झोप येईल."

शेडच्या कोपऱ्यात काचेची खिडकी असलेली छोटी खोली म्हणजे तिचं ऑफिस. कॉम्प्युटरवर तिघे दिसले. आखातात बसणारा इंग्रज साहेब, माल घ्यायचा की नाही हा निर्णय त्याचा. हॉलंडमधल्या एक बाई, मालाची तपासणी त्यांच्याकडे. आणि फिलिपिन्सचा एक तरुण, तो जहाजांच्या तारखा बघायचा. मी नमस्कार केला, तयार केलेलं वाक्य म्हटलं. साहेब म्हणाले, तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे. मी काकूकडे पाहिलं नाही, पण तिने पाहिलं असावं अशा बेताने मान ताठ ठेवली.

आणि मग साहेब बोलायला लागले. बाळांनो, मी शेक्सपिअर शिकलेली बाई, पण त्या माणसाचं प्रत्येक तिसरं वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं. तो 'चफ्ड' म्हणाला. काहीतरी 'फॅफ' आहे म्हणाला. मी वहीत लिहीत होते, पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकत होते. हॉलंडच्या बाई मान हलवत होत्या, फिलिपिन्सचा मुलगा मान हलवत होता, म्हणून मीही हलवली. थोरले, हे वाचून तुला काही आठवलं असेल.

मग साहेबांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, मागचा कंटेनर जरा 'वाँकी' आला. खालच्या थरातली खोकी गेली. या वेळी तसं झालं तर मला पुढे काही करता येणार नाही.

काकूने आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि माझ्याकडे वळली. "आई, काय म्हणाला? वाँकी म्हणजे?"

मला तो शब्द माहीत नव्हता. जन्मात ऐकला नव्हता. पण साहेबाचा चेहरा पाहिला होता आणि 'खालची खोकी गेली' हे ऐकलं होतं. म्हटलं, "माल पिकून गेला म्हणतोय. मऊ पडला."

काकूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "पिकून? आई, मी प्रत्येक घड हाताने बघून घेते. पिकेल कसा?"

"तो तेच म्हणतोय."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले.

तो एक शब्द मी आजही माझ्या खात्यावरून उतरवू शकलेले नाही. पेन्सिलीतला अंदाज होता आणि मी तो शाईत सांगितला. बत्तीस वर्षं ज्यासाठी मुलींना पान पुन्हा लिहायला लावलं, तेच केलं, आणि तेही सुनेचं अख्खं काम पणाला लागलेलं असताना.

काकूने फोन उचलला होता. बागेवरच्या मुकादमाला सांगायचं होतं की उद्या कोवळे घड कापा. कोवळा माल पिकत नाही लवकर, हे खरं, पण तो बारीकही असतो, आणि बारीक केळं त्या साहेबाने पहिल्या दिवशीच नाकारलं असतं. हे मला नंतर कळलं. तिला तेव्हाच कळत होतं. नंबर लावता लावता ती थांबली. फोन उलटा ठेवला.

"आई, रागावू नका हं. मी एकदा त्यालाच विचारते."

मी म्हटलं, "अगं, बरं दिसत नाही. आत्ता त्याने माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं."

"तुमचं केलं ना," ती म्हणाली. "माझं कुठे केलं? मला काय घालवायचंय?" आणि आवाज चालू करून, माझ्यासमोर, त्या तीन देशांच्या माणसांना म्हणाली, "सर, वाँकी, आय डोन्ट नो. प्लीज, शो मी बाय हँड."

मला वाटलं जमीन दुभंगावी. आणि साहेब मोठ्याने हसले. हसण्यात टवाळी नव्हती. टेबलावरची चार-पाच पुस्तकं त्यांनी एकावर एक ठेवली आणि वरची एका बोटाने ढकलत ढकलत सगळी चवड तिरपी केली. चवड कलली आणि खालच्या पुस्तकाचा कोपरा दबला.

"दॅट," साहेब म्हणाले, "इज वाँकी."

केळी पिकली नव्हती. खोकी वाकडी झाली होती. पॅलेटवरच्या चवडी कलल्या होत्या आणि खालची खोकी दबून फुटली होती.

तेवढ्यात हॉलंडच्या बाई म्हणाल्या, "थँक यू. मी दोन वर्षं हा शब्द ऐकते आहे, मला कधी विचारायचं धाडस झालं नाही." आणि तो फिलिपिन्सचा मुलगा लाजत लाजत म्हणाला, "मला वाटायचं ते कुठल्या तरी बंदराचं नाव आहे. नकाशात शोधलंही होतं." सगळे हसायला लागले. मीही हसले, पण या वेळी कळून हसले.

मला माझी आई आठवली. ती शाळेत गेली नव्हती, घरात फक्त अहिराणी बोलायची. मारवाडी शेठजींच्या दुकानात ते कापडाची काही नावं सांगायचे, ती ऐकायची आणि म्हणायची, "बठ्ठं समजनं नही. दखाड." म्हणजे सगळं समजलं नाही, दाखव. शेठजी ठाण उलगडून दाखवायचे. कॉलेजात जाणारी मी शेजारी उभी राहून शरमेने पायाच्या अंगठ्याकडे पाहायची.

बोलणं संपता संपता हॉलंडच्या बाईंनी सांगितलं की खोक्याचा सगळा जोर कोपऱ्यांत असतो, म्हणून कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. बोलणं संपल्यावर डबा तसाच ठेवून काकू शेडमध्ये गेली, मागोमाग मी. खोकी रचण्याचं काम नानांकडे होतं. नाना म्हणजे साठीचे गृहस्थ, आयुष्यभर रावेरचे ट्रक भरलेले. बायकांना रचायला त्यांनीच शिकवलं होतं. विटांची भिंत रचतात तशी, दोन खोक्यांच्या सांध्यावर वरचं खोकं, म्हणजे सगळी एकमेकांना धरून राहतात. आमच्याकडचे ट्रक असेच भरतात, आणि खड्ड्यांतूनही माल हलत नाही.

काकूने सांगितलं, "नाना, चवडी वाकल्या तिकडे. रचणं बदलायला लागेल."

नानांनी खांद्यावरचा रुमाल झटकला. "ताई, रावेर ते दिल्ली माल गेला माह्या हातचा. एक खोकं हललं नाही. मले नको शिकवू."

"दिल्लीला जातं ते ट्रकने, नाना. हे जहाज आहे. आठ दिवस डुलतं."

"डुलते म्हणूनच तं एकमेकात बांधून रचतो!"

फण्या धुणारी एक बाई म्हणाली, "नाना कधी जहाजात बसले का?" बायका खदखदल्या. "तू बसली का?" नाना म्हणाले.

काकू वाद घालत बसली नाही. तिने एक रिकामं खोकं उपडं केलं, चप्पल काढली आणि मधोमध पाय ठेवला. पुठ्ठा खचला. मग दुसरं खोकं घेऊन दोन्ही पाय दोन कोपऱ्यांवर ठेवून उभी राहिली. मी घाबरून तिचा हात धरला. खोकं जागचं हललं नाही.

नाना वाकले. कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे खाटेवानी. खाटेचं सारं वजन पायावर."

"तेच, नाना."

"मंग तसं सांगायचं ना! खाटेवर खाट ठेवायची तं पायावर पाय यायला पायजे. एवढं तं कोणालेही कळते." आणि बायकांकडे वळून ओरडले, "चला गं, ध्यान द्या इकडं. उद्यापासून खाट लावायची. कोपऱ्यावर कोपरा. कोणाचं वाकडं दिसलं तं पाह्यजा!" जणू ही त्यांचीच कल्पना होती. आणि एका परीने होतीही. काकूने त्यांना ती घेऊ दिली.

भाकरी आम्ही साडेचार वाजता खाल्ल्या. परतताना गाडीने भुसावळ ओलांडलं. तेव्हा मी म्हटलं, "अगं, मी 'नक्की' म्हणाले."

काकू रस्त्याकडे पाहत म्हणाली, "आई, तुम्हीच तर शिकवलंत. शाई नंतर."

बस, इतकंच. पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. त्या रात्री तुमच्या काकाने जेवताना विचारलं, 'कसं झालं?' तर म्हणाली, "आई होत्या बरोबर, म्हणून निभावलं." बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून कितीतरी मुली गेल्या. काही डॉक्टर झाल्या, काही परदेशी गेल्या. पण मी शिकवलेला नियम माझ्याच तोंडावर, माझाच मान राखून, इतक्या नीट कोणी वापरला नव्हता. त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला तितका माझ्या बी.ए.च्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

तिसरा कंटेनर गेला. चवडी सरळ पोचल्या. पुढच्या बोलण्यात हॉलंडच्या बाईंनी फोटो दाखवले, सगळी खोकी पलटणीसारखी उभी. काकू आनंदाने म्हणाली, "येस मॅडम, नाऊ वी डू खाट पॅकिंग." साहेब गोंधळले. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, मग म्हणाले, माफ करा, मला कळलं नाही, हे काय आहे? काकूने कॉम्प्युटर उचलून शेडच्या दाराशी नेला, तिथे नानांची दुपारी आडवं होण्याची खाट होती. "शो बाय हँड," ती म्हणाली. नाना खाटेवरून उठून नमस्कार करायला लागले. तपासणीच्या कागदावर बाईंनी त्या दिवसापासून रचण्याच्या रकान्यात 'खाट' लिहायला सुरुवात केली. नंतर साहेबांचा एक निरोप आला, त्यात एवढंच होतं: सगळं खाट, वाँकी काही नाही. सबंध हंगामाचं काम मिळालं, आणि त्यानंतरच्याही.

थोरले, तुझ्या ऑफिसात त्या मीटिंगमध्ये जी बाकीची माणसं हसतात, त्यांतल्या निम्म्यांना कळलेलं नसेल, हे मी पेन्सिलीने लिहिते आहे. खात्री तू कर. आणि तुझ्याकडचाही एखादा शब्द त्यांना दे. त्यांनाही विचारावं लागू दे.

माझी अकरावी वही दिवाणखान्याच्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. तिच्यात 'वाँकी' समोर पेन्सिलीने 'पिकून गेलेलं' लिहिलेलं आहे, ते मी खोडलं नाही. त्याच्या पुढे शाईत 'वाकडं, कललेलं' आहे, आणि कंसात काकूचं नाव. रावेरची शेड चालू आहे. नाना अजून येतात, आणि तिथे खोकी अजून खाटेवर खाट, पायावर पाय, अशीच रचतात.